घराला कच्चा टाका

५ मार्च

ताई,

नमस्कार घालतो. तुला घ्यायचा नसेल तर आईकडे सरकव, ती घेईल.

तू फोन उचलत नाहीस म्हणून हा कागद. दारात पडलेला कागद तुला बघवणार नाही हे मला माहीत आहे. फरशीवर चिंधी पडलेली चालत नाही, तर कागद कुठला चालायला.

मावशीने पाठवलेला तुझा फॉर्म पोचला. सोबत खोलीचा नकाशाही. आपल्या गच्चीवर खोली बांधायची तर सोसायटीची परवानगी लागते, आणि बाबांनी घर दोघांच्या नावावर ठेवलंय म्हणून ‘सहमालकाची हरकत नाही’ या ओळीखाली माझी सही लागते, हे समजलं. सही केलेली नाही. थांब, कागद चुरगळू नकोस. नाही म्हटलेलं नाही. केलेली नाही, इतकंच.

मला सहमालक म्हणणारा हा पहिलाच कागद. इथे मला सगळे ‘दोरी’ म्हणतात.

मावशी विचारत होती, नेमकं काम तरी काय करतोस रे. तिला सांगितलं, घरं बांधतो. ते खरं आहे आणि खरं नाहीही. मी बांधतो ती घरं दोरीची असतात.

टेकडीवर ही वसाहत आहे. खाली नदी. घरं सगळी एकमेकांना विचारून उभी राहिल्यासारखी. कौलांचा रंग एक, कुंपणाची उंची एक, खिडकी केवढी असावी तेही ठरलेलं. कुणाला नवीन घर बांधायचं असलं, मजला चढवायचा असला, तर आधी कमिटीला नकाशा द्यायचा. पण नकाशा किती जणांना कळतो? म्हणून इथे पद्धत अशी की वीट आणायच्या आधी आम्ही जातो, मुकादम आणि मी. घराच्या कोपऱ्या-कोपऱ्यावर लांब काठ्या रोवायच्या, भिंत जेवढी उंच होणार तेवढ्या. वरून दोरी ओढून घ्यायची. आढं, छपराचा उतार, सगळं दोरीचं. खिडक्या पांढऱ्या फितीने आखायच्या. दाराची जागा मोकळी सोडायची. कमिटी बसेपर्यंत हे घर असंच उभं राहतं. शेजारपाजारचे आपापल्या खिडकीतून बघतात, आपला उजेड किती जातो, वारा किती अडतो. ज्याला हरकत घ्यायची तो घेतो. मग निकाल काहीही लागो, आम्ही येऊन दोऱ्या सोडतो. मंजूर झालेलं घरसुद्धा एकदा सोडावंच लागतं.

सकाळी धुकं नदीवरून चढत येतं ना, तेव्हा काठ्या दिसेनाशा होतात. नुसत्या दोऱ्या राहतात. घराची शिवण तेवढी आहे आणि कापड कुणी काढून नेलंय, असं वाटतं. तुला बघायला आवडलं असतं. वारा सुटला की दोऱ्या गुणगुणतात. मोठं घर खालच्या आवाजात, लहान घर बारीक.

तुझा नकाशा बघितला. जिना कुठून घेतलास? टाकी कुठे हलवणार? हे नियमात बसतं का ते आधी बघू दे. मला आता नियम कळतात. बघून कळवतो.

माझी खोली छान आहे. जेवण वेळेवर. आईला सांग.

तुझा सहमालक


१६ मार्च

ताई,

तुझं उत्तर नाही. मावशीचा फोन आला. तू म्हणालीस म्हणे, “त्याला म्हणावं सही कर, नाहीतर येऊन माझ्या डोक्यावर बस.” तुझ्या डोक्यावर गच्चीच आहे ना? तिथे मी पूर्वीपासूनच बसत होतो.

बरं, चेष्टा पुरे. मावशीने बाकीचंही सांगितलं. एप्रिल संपता संपता सोसायटीची कमिटी बसणार, तोवर माझी सही पोचली नाही तर फाइल बंद. एकदा बंद झाली की त्याच कामाचा अर्ज वर्षभर परत करता येत नाही. आणि आईचं. बाहेरच्या खोलीत तुझ्या शिवणाच्या मशिनी, तिथेच तिची कॉट, दिवसभर कापडाचा भुसा उडतो आणि तो तिच्या छातीत जातो. डॉक्टर म्हणाले, एकतर मशिनी हलवा, नाहीतर आईंना हलवा. म्हणून वर खोली, मशिनींसाठी.

हे तू मला सांगितलं नव्हतंस. तू म्हणशील, विचारलंस कधी? तेही खरं.

पण ताई, नुसती घाई करून चालत नाही. भार किती येणार ते इंजिनियरने लिहून दिलंय का? पावसाळी पाण्याचा पाइप कुठून जाणार? कठड्यापासून किती अंतर सोडायचं याचा तुमच्या सोसायटीतही नियम असणार. मी कामातला माणूस आहे म्हणून विचारतो.

इथे एक आजोबा आहेत. पूर्वी शाळेत भूगोल शिकवायचे. त्यांना सगळे ‘हरकतआजोबा’ म्हणतात, तोंडावरसुद्धा, आणि त्यांना ते आवडतं. चिमणीला हरकत, कुंपणाला हरकत, एकदा कुणाच्या तरी कोंबड्याच्या आवाजाला हरकत. परवा आम्ही त्यांच्या घराखालच्या जागेत दोऱ्या ओढत होतो, तर छत्री टेकत आले.

मुकादम म्हणाला, “आजोबा, आता कशाला हरकत?”

“सावलीला.”

“अजून घर नाही, सावली कुठून आणलीत?”

“दोरीची पडलीय की. ही बघ, माझ्या टोमॅटोच्या वाफ्यावर.”

“दोरीच्या सावलीने टोमॅटो सुकतात होय?”

“टोमॅटो नाही सुकत. मी सुकतो.”

मला हसू आवरेना. आजोबांनी माझ्याकडे असं बघितलं की मी दातात धरलेली दोरी गिळणार होतो.

पण एक नियम इथे फार कडक. घरात बसून हरकत घेता येत नाही. जागेवर यायचं, दोरीच्या घरात दारातून आत जायचं, आत उभं राहून चारी बाजूंना बघायचं, आणि मग लिहायचं. मुकादम त्या कागदावर ‘आत उभे राहिले’ असं लिहून देतो. ते नसेल तर हरकत बाद. आजोबा म्हणतात हा नियम कुणा मूर्खाने केलाय. पण येतात.

आणि एक गंमत सांगू? भिंत दोरीची असली तरी कुणी भिंतीतून आत शिरत नाही. वळसा घालून दाराशीच येतात. कुत्री शिरतात, माणसं नाही. एवढा तालेवार कमिटीचा अध्यक्ष, तोसुद्धा नसलेल्या दारात डोकं वाकवून आत आला.

आईची कॉट तात्पुरती खिडकीकडे सरकव. माझी सही लवकरच. म्हणजे, बघून.

दोरी


३ एप्रिल

ताई,

आज लिहायचं ते नियमाचं नाही. असलं तर शेवटी येईल.

आजोबांच्या घराखालची ती जागा एका नर्सबाईंची आहे. इथल्याच दवाखान्यात असतात. आयुष्यभर दवाखान्याच्या खोल्यांत राहिल्या, आता स्वतःचं लहानसं घर बांधणार. दोऱ्या ओढून झाल्या त्या सकाळी त्या ड्यूटी संपवून सरळ तिकडेच आल्या. धुकं इतकं की मला आधी फक्त त्यांचे पांढरे बूट दिसले. दाराशी थांबल्या आणि गवतावर बूट घासून पुसले. पायपुसणं नाही, उंबरा नाही, दार नाही, तरी पुसले. मग आत आल्या.

“दोरीदादा, ओटा कुठे?”

मी हाताने दाखवला. त्या तिथे जाऊन उभ्या राहिल्या. हात पुढे करून हवेतच टेकल्यासारखे ठेवले. ताई, मी शपथेवर सांगतो, तेवढ्यात मलाही तिथे ओटा दिसला.

पिशवीतून त्यांनी घडीची खुर्ची काढली, खिडकीपाशी मांडली, बसल्या आणि बसल्या बसल्या झोपून गेल्या. स्वतःच्या घरात पहिल्यांदा. मी आणि मुकादम खुंट्या ठोकायच्या सोडून खाली बसलो. धुकं घरातून जात होतं, एका भिंतीतून आत, दुसरीतून बाहेर. दोऱ्या अगदी हळू वाजत होत्या.

तेवढ्यात हरकतआजोबा. हातात कागद, पेन खिशाला. दाराशी आले आणि थांबले.

“जा ना आत,” मुकादम हळूच म्हणाला. “उभं राहा आणि लिहा काय लिहायचं ते.”

“झोपल्यात त्या.”

“मग?”

“झोपलेल्या माणसाच्या घरात शिरू कसा? तुला काही रीत आहे का नाही?”

आणि ताई, ते बाहेर उभे राहिले. चहूकडून मोकळ्या असलेल्या घराच्या दाराशी, छत्रीवर भार टाकून, बाईंना जाग येईपर्यंत.

बाई जाग्या झाल्या. डोळे चोळत म्हणाल्या, “अहो, या ना. बसा.”

“कशावर बसू?”

“माझी खुर्ची घ्या. मी ओट्याला टेकते.” आणि खरंच टेकायला गेल्या, पडता पडता वाचल्या. तिघेही हसलो. आजोबा हसले नाहीत, पण मिशी हलली.

आजोबांनी बसून सगळीकडे बघितलं. म्हणाले, “माझ्या खिडकीतून नदीचं वळण दिसतं. बायको त्या खिडकीशी बसायची. तुमचं आढं बरोबर त्याच्या आड येतं.”

“किती आड येतं?”

“हातभर.”

“मग हातभर खाली घेऊ या. मी काय ताडमाड आहे?”

मुकादमाने हिशेब केला, छपराला तेवढा उतार पुरतो का ते बघितलं. पुरत होता. मग आजोबा वर आपल्या घरी गेले आणि खिडकीत उभे राहिले. मी काठीवर चढून आढ्याची दोरी खाली घेत गेलो. जरा खाली. अजून जरा. वर धुक्यात खिडकी दिसतच नव्हती, नुसती वाटत होती. मग धुकं जरा विरलं आणि एकदम पांढरा रुमाल हलला. तिथे गाठ मारली. म्हणजे त्यांना वळण दिसलं.

मला इतके दिवस वाटायचं, हरकत म्हणजे नाही. हरकत म्हणजे ‘हातभर खाली घ्या’ इतकंच असू शकतं.

परत येताना मुकादमाने विचारलं, “खिशात ती कसली घडी घेऊन फिरतोस? रोज बघतो. पोरीचं पत्र?”

“ताईचा फॉर्म आहे. गच्चीवर खोली बांधतेय. सही मागतेय.”

“मग?”

“केली नाही.”

“जागेवर उभा राहिला होतास?”

“इथून कसा राहणार?”

“मग तुझी हरकत बाद.”

“मी हरकत कुठे घेतलीय?”

“मग सही न करणं म्हणजे काय? लाजणं?”

मी घडी खिशात आणखी खोल सरकवली.

आईचा खोकला कसा आहे ते तरी कळव. तू नको लिहूस, मावशीकडून कळव.

दोरी


११ एप्रिल

ताई,

जिना, टाकी, पाइप, भार, ते सगळं सोडून दे. तुझा नकाशा मला कळलेलाच नाही. कागदावरचा नकाशा मला कळत नाही. मुकादम वाचतो आणि सांगतो, इथे काठी, तिथे काठी. मी बांधतो, आणि बांधून झालं की मला घर दिसतं. कागदावर मला नुसते चौकोन दिसतात. तुझ्या नकाशात एक मोठा चौकोन आहे आणि कोपऱ्यात एक लहान. मोठ्यात मशिनी, लहानात कापडाचे तागे असणार, एवढा अंदाज केला आणि घडी घातली.

आणि माझी खोली छान आहे असं मी लिहिलं होतं. तिला खिडकी नाही. बाकी छान आहे.

तुला आठवतं का, मी निघालो त्या दिवशी तू काय म्हणाली होतीस? मी पुन्हा काम सोडून घरी आलो होतो, तू कात्री हातात घेऊन उभी होतीस आणि म्हणालीस, “तुझं या घरात आहे काय? एक अंथरूण आणि ती गच्ची!” रागात म्हणालीस, मला कळतं. तेव्हाही कळलं होतं. मिसरूडही धड फुटलेलं नव्हतं पण अकड केवढी. अंथरूण उचललं आणि निघालो. गच्ची उचलता येत नव्हती म्हणून ठेवून आलो.

तेव्हापासून मी तेवढंच धरून बसलोय. कुठल्याही गावात, कुठल्याही खोलीत, छताकडे बघत पडलो की म्हणायचं, आपली एक गच्ची आहे. पडल्या पडल्या आकाश दिसतं अशी. आणि मग तुझा फॉर्म आला, की त्या गच्चीला छप्पर घालायचंय, हरकत नाही असं लिहून दे. हे आहे ते. आईच्या छातीपुढे हे काहीच नाही, हेही मला कळतं. कळतं आणि पेन उघडत नाही.

हल्ली एक स्वप्न पडतं. मी आपल्या गच्चीवर दोऱ्या ओढतोय. एक दोरी नदीपर्यंत जाते, एक वर कुठे जाते ते दिसत नाही. घर बांधून होतं आणि मी बाहेर. दार कुठे ठेवलं तेच आठवत नाही. आत तुझी मशीन चालल्याचा आवाज. मी भोवती फिरतो, फिरतो. भिंत दोरीचीच आहे, वाकून आत शिरता येईल. पण शिरत नाही. माणसं भिंतीतून शिरत नाहीत.

म्हणून एक मागणं आहे. गच्चीवर दोऱ्या ओढ. रंगाचे रिकामे डबे घे, वाळूने भर, त्यात बांबू उभे कर, कोपऱ्या-कोपऱ्यावर. नकाशात आहे तेवढ्याच मापाचं. खिडक्यांना तुझ्याकडची पांढरी नाडी लाव. शिवणाचा दोरा घेऊ नकोस, ताणला की सैल पडतो. तुला मी काय शिकवणार म्हणा. गिऱ्हाइकाला कपडा घालून बघायला देतेस तेव्हा तू कच्चा टाका मारतेस ना, लांब लांब, नंतर उसवायचाच असतो असा? तसंच हे. घराला कच्चा टाका.

मग आईला आत बसव आणि तिला कसं वाटतं ते विचार. मला मावशीकडून कळव. तेवढ्यावर मी सही करेन.

तुझा
भाऊ


२१ एप्रिल

ताई,

मावशीचा फोन आला आणि ती हसत सुटली होती, बोलणंच सुचेना तिला.

म्हणजे तू खरंच ओढल्यास! मावशी म्हणाली, तू दिवसभर एकटी वर होतीस, तोंडात नाड्या धरून, कुणाला हात लावू दिला नाहीस. आणि मग सेक्रेटरीकाका दमानं वर आले, नियमाचं पुस्तक काखेत.

“गच्चीवर परवानगीशिवाय काहीही उभं करायचं नाही.”

तू म्हणालीस, “मी कुठे काय उभं केलंय? कपडे वाळत घालायच्या दोऱ्या आहेत. त्याला परवानगी लागते का बघा पुस्तकात.”

काकांनी पुस्तक चाळलं. लागत नव्हती.

“एवढ्या दोऱ्या?”

“एवढे कपडे आहेत.” आणि तू टॉवेल पिळून आढ्यावर टाकलास!

ताई, ही गोष्ट मी मुकादमाला सांगितली, त्याने आजोबांना सांगितली, आजोबांनी नर्सबाईंना. आजोबा म्हणाले, “तुझी बहीण इथे असती तर मला कुणी विचारलं नसतं.” त्यांच्या तोंडून एवढं कौतुक अजून कुणाचं ऐकलेलं नाही. नर्सबाईंचं घर मंजूर झालं बरं का, हातभर दुरुस्तीसह. काल मी त्यांच्या दोऱ्या सोडल्या. सोडताना त्या शेजारी उभ्या होत्या. शेवटची गाठ सुटली आणि घर नव्हतंच. नुसतं गवत, आणि गवतात पाऊलवाट, दारापासून ओट्यापर्यंत, ओट्यापासून खिडकीपर्यंत. दुसरीकडे कुठे पाय पडलेलाच नव्हता.

आई वर गेली होती म्हणे. मोठ्या खोलीत खुर्ची टाकून बसली, म्हणाली, “वारा छान येतोय गं खिडकीतून.” चारी बाजूंनी वारा येत होता, पण तिला खिडकीतूनच आला.

मावशीला विचारलं, बाकी कसं दिसतं? ती म्हणाली, “मला नाही कळत बाई त्या दोऱ्यांतलं. तूच येऊन बघ की.”

मी म्हटलं होतं, आईला विचार, तेवढ्यावर सही करेन. फॉर्म काढून समोर ठेवलाय. पेनही उघडलं. मग मुकादमाने डोकावलं. म्हणाला, “हं, आत उभं न राहता?”

“आता हरकत नाहीच म्हणतोय ना मी.”

“हरकत नाही म्हणायलाही उभं राहावं लागतं रे. जा. इथली घरं पळून जात नाहीत, आपण सोडल्याशिवाय.”

दोरी


२८ एप्रिल, गच्चीवरून

ताई,

ओरडू नकोस. आई झोपलेली आहे.

मी वर आहे. पहाटेच्या गाडीने उतरलो. खाली सगळं बंद होतं, तुला उठवलं असतं तर आपण दारातच भांडलो असतो, मग बाहेरच्या जिन्याने वर आलो. समोर आलं की आपलं बोलणं होत नाही, म्हणून लिहून देतो. शिवाय हरकत तोंडी चालत नाही, लेखी द्यावी लागते.

उजाडत होतं. तुझं घर उभं होतं. ताई, काय ताण दिलायस दोऱ्यांना! एक सैल नाही. मुकादमाने बघितलं असतं तर मला काढून तुला ठेवलं असतं. टॉवेल अजून आढ्यावर आहे. वाळलाय.

मोठ्या खोलीत दारातून गेलो. तुझ्या मशिनी कुठे येणार तिथे तू खडूने खुणा केल्यास, त्या बघितल्या. खिडक्या मशीनच्या डाव्या हाताला. उजेड बरोबर सुईवर येईल. मी आई बसली असेल तिथे मधोमध उभा राहिलो. वारा खिडकीतून येत होता.

मग कोपऱ्यातला तो लहान चौकोन. मला वाटलं होतं तागे. पण ताग्यांना स्वतंत्र दार कशाला लागेल, तेही बाहेरच्या जिन्याकडून? केव्हाही यावं, खालच्या कुणाला उठवावं लागू नये, असं दार? आता मी जसा आलो तसं?

त्या दाराशी मी बराच वेळ उभा होतो. बूट काढले. आत गेलो.

आणि खिडकी. तुझी पांढरी नाडी दुहेरी करून लावलेली, पण इतकी खाली! गुडघ्याच्या जरा वर. मला वाटलं चुकलीस. तू आणि माप चुकणार? मग लक्षात आलं, ही खिडकी उभ्या माणसासाठी नाही. मी आडवा झालो, उशाला पिशवी घेतली. बघितलं तर आकाश. अख्खं. पूर्वी दिसायचं तेवढंच, फक्त आता त्याला कड शिवलेली.

ताई, मी तिथे पडून होतो. किती वेळ ते विचारू नकोस. दोऱ्या वाजत होत्या, बारीक, लहान घराच्या वाजतात तशा. एक कावळा माझ्या भिंतीवर येऊन बसला आणि माझ्याकडे बघून उडाला. तू मला हे कधी सांगितलं नाहीस. मीही कधी विचारलं नाही. आपण दोघं एकाच कापडाचे.

आता हरकत. सोबत तुझा फॉर्म आहे, ‘सहमालकाची हरकत नाही’ खाली माझी सही आहे. पण खाली एक दुरुस्ती लिहिलीय, ती आज संध्याकाळी कमिटीत वाचून दाखव. इथेही लिहितो.

मी, खाली सही करणारा, जागेवर आलो, दारातून आत गेलो, आत उभा राहिलो, आणि आडवाही झालो. खोलीला माझी हरकत नाही. फक्त लहान खोलीत मी आडवा झालो की माझे पाय भिंतीबाहेर जातात. घोट्यापासून पुढे दोन्ही पाय बाहेर गच्चीवर, उन्हात. तरी पूर्वेची भिंत वीतभर बाहेर घ्यावी. कठड्यापासून सोडायचं अंतर मोजलं आहे. वीतभर बसते.

माझ्या शेवटच्या पँट-शर्टाचं माप तुझ्या वहीत आहे, त्यावरून तू ही खोली बेतलीस ना? मी घातली होती ती जोडी, निघालो त्या दिवशी. तेवढाच मी तुझ्याकडे शिल्लक होतो.

खाली मशीन सुरू झालीय. म्हणजे उठलीस. हा कागद फॉर्मसकट दोरीला बांधतो आणि तुझ्या खिडकीसमोर सोडतो. हळूहळू. जरा खाली. अजून जरा. मशीन थांबली की मला कळेल.

मग वर ये. येताना टेप आण. माझं माप जुनं झालंय.